पलीकडचा पंख

बनसोडे सरांनी मला पहिल्यांदा मोजलं ते स्टाफरूममध्ये, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं. लातूरच्या त्या शाळेत माझा पहिलाच आठवडा. मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते. समोरच्या टेबलावर एक उंच, मानेत वाकलेला माणूस. हात ताठ पुढे केलेला, मुठीत उभी पेन्सिल, डावा डोळा गच्च मिटलेला, आणि अंगठ्याचं नख पेन्सिलीवरून हळूहळू खाली सरकतंय. रोख सरळ माझ्याकडे. म्हटलं, ही कुठली पद्धत! शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसलं तर त्या भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "काही नाही हो. ड्रॉइंगचे सर आहेत. खिडकी मोजतायत. तुम्ही मधे आलाय."

मी खुर्ची सरकवली. सरांनी मान हलवून आभार मानले आणि खिडकीचं माप पुरं केलं.

सगळं मोजायची त्यांना खोडच होती. झेंडावंदनाला हेडसर बोलायला उभे राहिले की शेवटच्या रांगेत यांची पेन्सिल वर. एकदा मी शेजारी होते. कानाशी कुजबुजले, "माणूस उंचीला साडेसात डोक्यांचा असतो मॅडम. आपले हेडसर सहाच भरायलेत." हसू दाबताना मला असा ठसका लागला की राष्ट्रभक्तीवरचं भाषण क्षणभर थांबलं. सर मात्र गंभीर. ते विनोद करत नव्हते, माप सांगत होते.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजव्या बाहीला शिसपेन्सिलीची करडी कड. खिशात तीन पेन्सिली. कापडी पिशवीत सुतळीचं रीळ, खडू, छोटी हातोडी आणि कागदात गुंडाळलेले चार खिळे. हा चित्रकलेचा मास्तर की सुतार, असा प्रश्न नव्या पालकांना पडायचा. गाव मुरुड. वडील चुना मारायच्या कामावर जात. "वडील लोकांच्या भिंती पांढऱ्या करायचे, मी कोळशानं काळ्या करायचो. दोघंबी मार खायचो," एवढंच आपल्या लहानपणाबद्दल ते सांगत.

आणि काळजी. या माणसाला काळजी करायला कारण लागत नसे, आणि कारण नसलं तर ते का नाही याची काळजी लागायची. सहलीला औशाचा किल्ला बघायला नेलं तर पोरं चढताना मोजली, उतरताना मोजली, बसमध्ये मोजली, आणि बस सुटल्यावर पुन्हा एकदा. घरून निघाल्यावर शोभाताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चौकातून फोन: गॅस बंद केला का? त्या बाई इतक्या सरावल्या होत्या की फोन उचलून "हॅलो"च्या ऐवजी "केला" म्हणायच्या.

मी त्यांची शिष्या झाले ती विमानामुळे. मी गणिताची. वेग, वेळ आणि अंतराचं उदाहरण शिकवताना फळ्यावर विमान काढलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, भेंडी हाय का?" वर्ग फुटला. मला राग आला तो स्वतःचाच. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे शेवटी भूमितीच ना? मग मला का येऊ नये? तशीच सरांकडे गेले आणि म्हटलं, मला विमान शिकवा.

त्यांनी माझ्या वहीतल्या भेंडीकडं बराच वेळ बघितलं. मग पहिला प्रश्न विचारला, "जमीन कुठं हाय?"

"विमान आकाशात आहे सर."

"ते असू द्या. जमीन कुठं हाय? अन् तुम्ही कुठं उभारल्यात?"

हे दोन प्रश्न त्यांनी मला वर्षभर विचारले. बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी रेघ असते, क्षितिजाची. ती आधी. मग त्या रेघेवर असा बिंदू, जिथं लांब जाणाऱ्या सगळ्या रेघा एकत्र येऊन मिळतात. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे. सर त्याला खिळा म्हणत, कारण भिंतीवर मोठं चित्र काढताना ते तिथं खराच खिळा ठोकत आणि सुतळी बांधून त्यावरून रेघा मारत. "डोळा खोटं बोलतो, दोरा बोलत न्हाई," हे त्यांचं ब्रीद. एका खिळ्यानं विमानाचं अंग, दुसऱ्या खिळ्यानं पंख. दोन्ही खिळे एकाच उंचीवर, कारण जमीन एकच असते.

पंधरा दिवस त्यांनी मला नुसती खोकी काढायला लावली. खोक्याची जवळची बाजू, लांबची बाजू, आणि मागची, जी दिसतच नाही. मी वैतागले. "न दिसणारी रेघ कशाला काढायची, शेवटी खोडायचीच आहे तर?"

"जे दिसत न्हाई तेच आधी काढायचं मॅडम. पलीकडचा पंख अंगाच्या आड जातो, अन् त्याचं मूळ दिसत न्हाई. म्हणून लोक तो अंदाजानं चिकटवतात. तिथंच विमान पडतं."

इंजिनाचं तोंड मी गोल काढलं तेव्हा माझ्याच हातातली बांगडी काढायला लावली. ती डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवली. गोल, मग लांबट, मग चपटी, मग नुसती रेघ. तीस वर्षं हातात बांगड्या घालून मी ते बघितलं नव्हतं. सगळं गणित मला येत होतं, कोन, प्रमाण, समरूप त्रिकोण. पण माझं पहिलं पुरं झालेलं विमान बघून ते म्हणाले, "हिशेब बरोबर हाय. पण उडंल असं वाटत न्हाई." ते खरंच होतं.

हे सगळं मी मजेत शिकत होते. सरांच्या विमानांत मजा नव्हती, हे कळायला मला वेळ लागला.

त्यांची मुलगी सुजाता माझ्याच हाताखालून गेलेली. दहावीला गणितात काठावर पास. पण बोलणं खणखणीत, आणि कुणाला घाबरणं ठाऊक नाही. ही कुठल्या घरात जन्मली असा प्रश्न पडावा. तिची एका विमान कंपनीत निवड झाली, प्रवाशांची व्यवस्था बघणाऱ्या मुलींमध्ये. मुक्काम हैदराबादला. शाळेत पेढे वाटले शिपायानं. सर नववीच्या तासाला निघून गेले होते. स्टाफरूममध्ये तोंडं सुरू झाली. मुलीच्या जातीला असली नोकरी, बापानं पाठवलीच कशी, वगैरे. मी दोघातिघांना चांगलं झापलं. सरांपर्यंत ते पोचलं असणारच. पण त्यांचा डोळा त्या बोलण्यावर नव्हताच.

त्या महिन्यापासून ते दुसरं काही काढेनासे झाले. पूर्वी औशाचा बुरूज काढत, बाजारातले बैल, लिंबाचं झाड. आता फक्त विमान. तेही एकच: लहानसं, पंख पाठीवर असलेलं, दोन बाजूंना पंखे फिरणारं. सुजाताचं. उत्तरपत्रिकांच्या पाठीवर, जुन्या वेळापत्रकांवर, एस.टी.च्या तिकिटावरसुद्धा. समोरून, मागून, वळताना, उतरताना. मी म्हणायचे, बापाचा अभिमान बघा कसा उतू चाललाय. सगळेच म्हणत.

मग एका दुपारी माझं विमान तपासून घ्यायला गेले तर त्यांची वही उघडी होती. प्रत्येक विमानाला मागच्या दाराजवळ एक बारीक फुली. मला वाटलं, कर्ण छेदून मध्य काढलाय. मी गणिताची बाई, बोट ठेवून म्हटलं, "सर, मध्य इथं येत नाही. ही फुली चुकली."

"मध्य न्हाई तो," सर म्हणाले. "उडताना अन् उतरताना सुजी तिथं बसती. घडीची खुर्ची असती म्हणे." आणि वही मिटली.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती शंभर विमानं म्हणजे एकच काळजी शंभर बाजूंनी तपासलेली आहे. पंखाचा कोन बरोबर येतो का, शेपूट तोलून धरतं का, हे ते पुन्हा पुन्हा बघत होते. कागदावर तोल गेला तर आकाशात काय, असा काहीतरी हिशेब असणार. विचारलं असतं तर त्यांनी साफ नाकारलं असतं.

सुजातानं त्यांच्या फोनवर विमानं दाखवणारं ॲप घालून दिलं. नकाशावर इवलंसं पिवळं विमान सरकत राहतं. ते त्यांना अजिबात पटलं नाही. "हे वरनं काढलंय," मला दाखवून म्हणाले. "वरनं बघणारं कोण हाय?" पण नापसंत असूनही दर दहा मिनिटांनी बघत. वर्गात फोन नेता येत नाही, म्हणून शिपायाला सांगून ठेवत: पिवळं थांबलं तर हाक मार.

एकदा कुठल्याशा लांबच्या देशात विमान पडल्याची बातमी मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या फोनवर आली. सर स्टाफरूममध्ये शिरले आणि बोलणं तुटलं. पाणी पिऊन आठवीच्या तासाला गेले. मला राहवलं नाही, मी वर्गाच्या दाराशी गेले. फळ्यावर विमान काढत होते. पंख सुरेख, अंग सुरेख. खडू दोनदा मोडला. मी बघितलं तर क्षितिजाची रेघच नाही. मला शिकवलेलं सगळं आठवून मी हळूच म्हटलं, "सर, जमीन?"

"आज राहू द्या जमीन," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी शाळेच्या रस्त्याकडच्या लांब भिंतीवर विमान काढायचं हेडसरांच्या मनात आलं. खाली मोठ्या अक्षरात काहीतरी भरारीचं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी उद्घाटन, आणि पाहुणी म्हणून माजी विद्यार्थिनी सुजाता बनसोडे. सर निवृत्तीला आलेले. त्यांच्याइतका योग्य माणूस कोण? पण हो म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू ऑपरेशनच्या कागदावर सही मागितली आहे.

चाळीस फुटी विमान. मापं मी काढून दिली, या पुण्यात माझाही वाटा. अंगाचा खिळा भिंतीच्या एका टोकाला बसला. पंखांचा खिळा मात्र भिंत संपून, बोळ ओलांडून, पलीकडं मुनीरभाईंच्या गादी-रजईच्या दुकानाच्या भिंतीत पडला. सर टोपी काढून विचारायला गेले. मुनीरभाई म्हणाले, "मारो ना सर. खिळाच तो है."

मग पंधरा दिवस सकाळी तो सोहळा. बोळावरून सुतळी ताणलेली. त्या टोकाला मुनीरभाई रोज स्वतः बांधून देत, या टोकाला सर. मोटरसायकल आली की मुनीरभाई कापूस पिंजायच्या काठीनं सुतळी वर उचलत, गाडी खालून जाई, आणि मागं हाळी: "चलो, छोड दिया सर!" शाळेत येणारी पोरं मुद्दाम त्या बोळातून यायला लागली. जवळचा पंख झाला, अंग झालं, खिडक्या झाल्या. मग पलीकडचा पंख. सर रोज रेघ मारण्याआधी बोळ ओलांडून खिळा तपासून येत. फक्त या पंखाच्या रेघा मारायच्या दिवशी गेले नाहीत. सुजाताची ड्यूटी बदलून नवा मार्ग मिळाला होता, हैदराबाद ते नांदेड. त्या सकाळी त्यावरची तिची पहिली खेप. सर एका हातात खडू आणि एका हातात फोन धरून ते पिवळं विमान बघत उभे होते. मी स्वतः सुतळी धरली होती. माझ्याही लक्षात आलं नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी ते रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले आणि पेन्सिल वर केली. मी पायरीवर रंगाचे डबे झाकत होते. बराच वेळ हात खाली येईना. म्हणून मीही गेले.

"पडायलंय मॅडम," ते म्हणाले.

"काय?"

"विमान. पलीकडचा पंख दुसऱ्या खिळ्याचा हाय."

मला काही दिसेना. शाळेतली पोरं वाहवा करत होती, जाणारे-येणारे फोटो काढत होते. सरांनी सुतळी आणली, ताणली. पंखाच्या टोकाशी चार बोटांचा फरक. चाळीस फुटांत चार बोटं! मुनीरभाई पाण्याचा तांब्या घेऊन आले, सगळं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सर, मैंच खिळा निकाल को हातभर ऊपर ठोका," ते म्हणाले. "नीचे का पोपडा गिर गया था. सोचा, सुतळी ढिली हुई तो सर को तकलीफ. मजबूत जगा पे मारा. दीवार तो वहीच है ना?"

भल्या माणसानं भलेपणानं केलेली चूक, तिच्यावर रागवायची सोय नसते. सर रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुमची चूक न्हाई भाई. मी बघाय पाहिजे होतं. मी फोन बघायलो होतो." आणि तिथंच फुटपाथच्या कडेला बसले.

त्यांनी हेडसरांना अर्धी भिंत पुसू द्या म्हणून सांगितलं. हेडसर म्हणाले, उद्या सकाळी कार्यक्रम, डोकं ठिकाणावर आहे का? तेवढ्यात सुजाताचा फोन. तिची रजा रद्द झालेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नांदेडची खेप. येता येणार नाही, सॉरी पप्पा. सरांनी बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि भिंतीकडं बघितलं. त्यांच्या मनात काय जुळलं ते मला लख्ख दिसलं. मी नको ते बोलले.

"सर, तुम्ही तर शकुनबिकुन मानत नाही."

"न्हाई मानत." आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. सरांच्या घरी बैठकीत बावीस प्रतिज्ञांची चौकट आहे. मी पाहिली आहे. देव्हारा नाही, गंडा नाही, अंगारा नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. "शकुन न्हाई. चूक ती चूक, बस." मग म्हणाले, "तुमचं बरं हाय स्वामी मॅडम. तुमचं लेकरू गावाला निघालं की तुम्ही नारळ फोडता, अन् मोकळ्या होता. आमी काय फोडावं?"

माझ्या मुलाच्या बारावीला मी कुठं कुठं काय काय बोलून ठेवलं होतं, ते सगळं आठवून लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी डबे उचलायचं निमित्त करून उठले.

पुढं उन्हाळी सुट्टीत त्यांनी अर्धी भिंत चुन्यानं पुसून पलीकडचा पंख नव्यानं काढला, हे आत्ताच सांगून टाकते. खिळा जुन्या उंचीवर, सिमेंटमध्ये बसवून. आजही तो मुनीरभाईंच्या भिंतीत आहे. त्याला ते कॅलेंडरसुद्धा लावू देत नाहीत.

पण त्या संध्याकाळी पंख चुकलेलाच होता. दिवेलागणीला शोभाताईंचा मला फोन. "मॅडम, हे उद्या पहाटेच्या गाडीनं नांदेडला जातो म्हणायलेत. तिचं विमान बघाय. दुपारपासून चहासुद्धा घेतला न्हाई. माझ्या गुडघ्याला बस झेपत न्हाई. तुम्ही जाता का संगं?" हेडसर मला काय काय म्हणतील याची यादी डोळ्यांपुढून गेली. मी हो म्हटलं.

लातूरहून अहमदपूर, लोहा, नांदेड. सगळ्या रस्त्यात सर चार वाक्यं बोलले असतील. त्यातलं एक कंडक्टरला. सुजाताला कळवलंय का, असं मी विचारलं. "न्हाई. बाप खाली उभारलाय म्हणून ती खिडकीतनं बघंल, अन् कामात चूक होईल." अहमदपूरला मी भजी घेतली, त्यांनी एक हातात धरलं आणि लोह्यापर्यंत तसंच धरून ठेवलं.

विमानतळाच्या कुंपणाबाहेर एक चहाची गाडी होती. तिथून धावपट्टीचा बराच भाग दिसायचा. विमान अकरा-दहाला. आम्ही साडेनऊलाच हजर. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, नुसता मळकट उजेड. सरांनी पिवळं विमान उघडलं. हैदराबादहून निघालेलं दिसलं, सरकत होतं. अकरा वाजता ते एका जागी थांबलं. सर्वांना ठाऊक असतं की तिथं रेंज जाते. मला होतं, त्यांनाही होतं. अकरा-दहा झाले. सव्वाअकरा. पिवळं तिथंच.

"रोज येतं का वेळेवर?" सरांनी चहावाल्याला विचारलं.

"येतंय की. मागं-पुढं होतंय."

"किती मागं?"

"आता ते काय एस.टी. हाय का सर, मी लिहून ठेवायला!"

सर हसले नाहीत. अकरा पंचवीस. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोलून ठेवला, दोघांच्या वतीनं. त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. साडेअकराला त्यांनी मला विचारलं, "मॅडम, एवढ्या ढगात त्यांना जमीन दिसत असंल का?" मी म्हटलं, दिसते, यंत्रं असतात. मला यंत्रांतलं ओ की ठो कळत नाही.

आणि मग आवाज आला. आधी आवाज, मग ढगाखालून ते बाहेर पडलं. लहान, पंख पाठीवर, अगदी वहीतलं. सरांचा हात आपोआप ताठ झाला, डावा डोळा मिटला, अंगठा पेन्सिलीवर सरकायला लागला. ओठ हलत होते. चाकं टेकली. मी टाळी वाजवणार होते, पण त्यांच्याकडं बघून हात आवरला.

"दोन्ही पंख सारखे दिसले न्हाईत," ते श्वास सोडत म्हणाले. "लांबचा बारका. म्हणजे बरोबर हाय."

मागचं दार उघडलं, जिना खाली आला. निळ्या पोशाखातली एक काडी दारात उभी राहून उतरणाऱ्यांना नमस्कार करत होती. ती सुजाताच असं त्यांनी तिच्या उभं राहण्यावरून ओळखलं. त्यांनी तिलाही मोजलं. "शिसाच्या टोकाएवढी भरती," मला म्हणाले, आणि पहिल्यांदा चहा मागितला. तो त्यांनी दोन घोटांत संपवला. मला वाटलं, सुटलो.

पण विमान परत जायचं होतं. माणसं चढली, दार लागलं, पंखे फिरायला लागले, आणि सर पुन्हा कुंपणाशी गेले. उतरताना जे दिसलं ते ठीक होतं, पण उडताना त्यांनी तिचं विमान कधी बघितलंच नव्हतं. विमान टोकापर्यंत गेलं, वळलं, क्षणभर थांबलं. सरांनी हात ताठ केला. पेन्सिल उभी. मी त्यांच्या बाजूला दोन पावलांवर होते. आवाज वाढत वाढत आमच्यासमोरून धडधडत गेला, आणि मी विमानाऐवजी त्यांच्याकडं बघितलं.

हात तसाच लांब होता. पेन्सिल सरळ. अंगठा हलत नव्हता. आणि दोन्ही डोळे मिटलेले होते.

आवाज ढगात जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग पेन्सिल खिशात ठेवली, डोळे उघडले आणि रिकाम्या आभाळाकडं न बघता माझ्याकडं वळले. कुणाच्या डोळ्यावर कधी विश्वास न ठेवणारा माणूस. मला म्हणाले, "सरळ गेलं ना मॅडम?"

"अगदी सरळ गेलं सर," मी म्हटलं. "दोऱ्यासारखं."